कमलाबाई ओगले कोण होत्या? वाटी-चमच्याच्या मापाची गोष्ट आणि घरचा स्पंज केक

मोबाईलवर ‘स्पंज केक रेसिपी’ सर्च केलं की दहा व्हिडिओ समोर येतात. पहिला म्हणतो दोन कप मैदा, दुसरा म्हणतो 250 ग्रॅम, तिसरा ओव्हन 350 डिग्रीवर ठेवायला सांगतो आणि ते फॅरनहाइट आहे की सेल्सिअस हे सांगतच नाही. शेवटी आपण फोन बाजूला ठेवून आईला विचारतो. आई म्हणते, अंदाजानं घाल.

मी मिरजेत राहतो आणि माझा पहिला केक असाच बिघडला. कुकरमधून काढला तेव्हा मधोमध खड्डा, कडेला जळका आणि चवीला साबणासारखा. चूक कुठे झाली ते मला व्हिडिओतून कळलं नाही. ते कळलं आजीच्या कपाटातल्या एका जुन्या पुस्तकामुळे. हळदीचे डाग पडलेलं, बाइंडिंग सुटलेलं ‘रुचिरा’. लेखिका कमलाबाई ओगले. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे पुस्तक घरात पाहिलेलं असतं, पण ते लिहिणाऱ्या बाईंबद्दल आपल्याला फारसं माहीत नसतं. आज त्यांच्याबद्दल, आणि त्यांनी स्वयंपाकघरात आणलेल्या एका साध्या टेक्नॉलॉजीबद्दल जाणून घेऊया. हो, टेक्नॉलॉजीच. ती म्हणजे वाटी.

कुंडल, 1913

मिरजेहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की सांगली, भिलवडी मागे टाकून किर्लोस्करवाडी स्टेशन येतं. या स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. जवळच कुंडल गाव आहे. 1913 साली कमलाबाईंचा जन्म या कुंडलचा. गाव तेव्हा औंध संस्थानात होतं. पुढे 1940 च्या दशकात हेच कुंडल क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं मोठं केंद्र झालं, पण ती वेगळी गोष्ट.

त्यांच्या जन्माच्या तीनच वर्षं आधी, 1910 मध्ये, कुंडलजवळच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला होता. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या जमिनीवर लोखंडी नांगर तयार व्हायला लागले. कारखान्यातल्या कामाचा पाया म्हणजे माप. एक नांगर दुसऱ्यासारखाच निघाला पाहिजे, एकाचा बोल्ट दुसऱ्याला बसला पाहिजे. म्हणजे हाकेच्या अंतरावर एकीकडे मापावर चालणारं जग आणि दुसरीकडे घराघरांतलं, हाताच्या अंदाजावर चालणारं स्वयंपाकघर. हे दोन्ही एकत्र यायला आणखी साठ वर्षं जायची होती.

कमलाबाईंची शाळा चौथीपर्यंतच झाली. त्या काळात खेड्यातल्या मुलीसाठी हेसुद्धा कमी नव्हतं. मग लग्न झालं, ओगल्यांच्या घरी आल्या, आणि स्वयंपाकाचं खरं शिक्षण मिळालं ते सासूबाईंकडून. कुठला क्लास नाही, वही नाही. सासू करते ते बघायचं, हाताखाली काम करायचं, चुकलं की बोलणी खायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचं.

अंदाज म्हणजे काय?

हे शिक्षण कसं असतं हे समजायचं असेल तर आमच्या मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक चक्कर मारा. इथं दीडशेहून जास्त वर्षं सतार आणि तंबोरे बनतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅगही मिळाला. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीचा पृष्ठभाग किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. किती घासायचं याचा आकडा कुठे लिहिलेला नाही. तो कानात आणि बोटात असतो. मुलगा बापाजवळ वर्षानुवर्षं बसतो तेव्हा ते त्याच्यात उतरतं.

अंदाज हा शब्द आपण ढिसाळपणासाठी वापरतो, पण तो खरं तर ट्रेनिंग झालेला डेटा आहे. आजीनं हजार वेळा आमटी केलेली असते, म्हणून तिच्या चिमटीत मीठ बरोबर येतं. अडचण एवढीच की हा डेटा एक्सपोर्ट होत नाही. आजी गेली की गेला.

1950-60 च्या दशकात महाराष्ट्रात नेमकं हेच व्हायला लागलं होतं. नोकरीसाठी मुलं मुंबई-पुण्याला गेली, दोन खोल्यांत संसार सुरू झाले. नव्या सुनेजवळ स्टोव्ह होता, भांडी होती, पण हाताखाली घेणारी सासू शेकडो मैलांवर होती. फोन करून विचारायची सोय नव्हती. पत्र टाकलं तर उत्तर यायला आठवडा, तोवर पुरणपोळीचा सण होऊन जायचा. चिमूटभर, मूठभर, बेताचं, जरासं, हे शब्द पत्रातून गेले तरी हात कसा जाणार?

त्यात आणखी एक गोंधळ होता, ज्याचा आज आपल्याला पत्ताही नाही. 1956 च्या कायद्यानं देशात मेट्रिक मापं आली आणि 1958 पासून ती टप्प्याटप्प्यानं बाजारात लागू झाली. त्याआधी सगळा व्यवहार शेर, पावशेर, छटाक आणि तोळ्यात. म्हणजे सासूचं डोकं शेरात चालायचं आणि सुनेचा वाणी किलोत मोजून द्यायचा. फोनची ऑपरेटिंग सिस्टीम एका रात्रीत बदलावी आणि जुन्या फाइल उघडू नयेत, तसलाच प्रकार.

1970: ‘रुचिरा’

कमलाबाईंचं ‘रुचिरा’ 1970 मध्ये आलं. तेव्हा त्या 57 वर्षांच्या होत्या. चौथी शिकलेली बाई, पहिलं पुस्तक, वय 57. आणि ते छापलं कोणी? किर्लोस्कर प्रकाशनानं. नांगर बनवणाऱ्या त्याच कुटुंबानं 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं होतं, 1930 मध्ये ‘स्त्री’ मासिक काढलं होतं. कुंडलच्या शेजारच्या माळावरून सुरू झालेल्या छापखान्याच्या नावानं कुंडलच्या मुलीचं पुस्तक घराघरांत गेलं. हा योगायोग मला फार आवडतो.

मराठीत पाकक्रियेची पुस्तकं त्याआधीही होती. पण ‘रुचिरा’त प्रमाण दिलेलं होतं ते वाटीनं आणि चमच्यानं. शेर नाही, छटाक नाही, ग्रॅमसुद्धा नाही. ज्या घरात तराजू नाही त्या घरातही वाटी असतेच. हा निर्णय किती हुशारीचा होता ते आज लक्षात येतं. देश एका मापातून दुसऱ्या मापात जात असताना त्यांनी तिसरंच माप निवडलं, जे आधीपासून प्रत्येकीच्या मांडणीवर होतं. काही विकत घ्यायला नको, काही नवं शिकायला नको. चांगल्या अ‍ॅपचंही हेच लक्षण असतं ना?

पुस्तकाच्या लाखाच्या वर प्रती गेल्या. लग्नात रुखवताबरोबर ‘रुचिरा’ द्यायची पद्धत पडली. परदेशी जाणाऱ्या मुलांच्या बॅगेत ते गेलं. दुसरा भाग आला, इंग्रजीत भाषांतर आलं. ज्या बाईला सासूनं हाताखाली घेऊन शिकवलं, ती स्वतः न पाहिलेल्या लाखभर मुलींची सासू झाली, तीही बोलणी न देणारी.

आपल्याकडे शास्त्रज्ञ म्हटलं की प्रयोगशाळा आठवते. पण एखादी गोष्ट दुसऱ्या माणसानं, दुसऱ्या गावात, तेवढंच साहित्य घेऊन केली तर तशीच झाली पाहिजे, ही अट विज्ञानाची आहे. कमलाबाईंनी ती फोडणीच्या पोह्यांना लावली. त्यांना कोणी इंजिनिअर म्हटलं नाही. मी म्हणेन.

वाटी चालते कशी, आणि केकमध्ये अडते कुठे

आता मूळ प्रश्न. प्रत्येक घरची वाटी वेगळी. कोणाची 150 मिलीची, कोणाची 250 ची. मग वाटीचं माप सगळीकडे चालतं कसं?

कारण वाटी हे माप नाही, ते प्रमाण आहे. एक वाटी रवा आणि तीन वाट्या पाणी म्हटलं की तुमची वाटी केवढीही असो, 1:3 हे गुणोत्तर तेच राहतं. उपमा कमी-जास्त होईल, पण बिघडणार नाही. फोटो झूम करताना रुंदी आणि उंची एकाच पटीत वाढली तर चेहरा वाकडा होत नाही, तसंच हे. अट एकच: सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच वाटी.

केक मात्र या मापाची परीक्षा घेतो. तिथं मैदा, साखर, दही वाटीनं घेतो, पण सोडा आणि बेकिंग पावडर चमच्यानं, आणि अंडी तर नगावर. वाटी बदलली की वाटीचे जिन्नस बदलतात, चमचा तेवढाच राहतो. म्हणजे फोटोची रुंदी वाढली, उंची नाही. माझं नेमकं हेच झालं होतं. मैदा घेतला आमटीच्या छोट्या वाटीनं, आणि सोडा टाकला पोह्याच्या चमच्यानं. रेसिपीतला टीस्पून म्हणजे 5 मिली, आपला चहाचा लहान चमचा. पोह्याचा चमचा त्याच्या दुप्पट-तिप्पट भरतो.

मग आत काय होतं ते बघा. सोडा आणि दह्यातलं आम्ल भेटलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्याचे बुडबुडे पिठात अडकतात, उष्णतेनं फुगतात, आणि तेवढ्यात मैद्यातला स्टार्च आणि प्रथिनं घट्ट होऊन त्यांच्याभोवती भिंती उभ्या राहतात. हाच स्पंज. सोडा जास्त झाला तर बुडबुडे भिंती घट्ट व्हायच्या आधीच मोठे होऊन फुटतात आणि मधे खड्डा पडतो. शिवाय आम्लाला पुरून उरलेला सोडा तापला की त्याचा धुण्याच्या सोड्यासारखा पदार्थ होतो. साबणाची चव त्याची.

बेकिंग पावडर म्हणजे सोडा आणि कोरडं आम्ल एकाच डब्यात, मधे ओल येऊ नये म्हणून कॉर्नफ्लोअर. ही 1843 मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्यानं बनवली, कारण त्याच्या बायकोला यीस्टचा ब्रेड सोसत नव्हता. तिला अंडीही चालत नव्हती, म्हणून त्यानं आधीच बिनअंड्याची कस्टर्ड पावडर तयार केली होती. आमच्या मिरज-सांगलीत बिनअंड्याचा केक मागणारी घरं किती आहेत हे बेकरीवाल्याला विचारा. त्या सगळ्यांच्या वाढदिवसामागे कुठेतरी ही बर्डबाई आहे.

आता केक

आधी एक काम करा. घरातली एक वाटी निवडा आणि ती किती मिलीची आहे ते पाहा. औषधाच्या सिरपबरोबर मिळणाऱ्या टोपणावर मिलीच्या खुणा असतात, त्यानं पाणी मोजून भरा. किंवा किचनचा काटा असेल तर पाणी भरून वजन करा, 1 ग्रॅम पाणी म्हणजे 1 मिली. फोनवर काटा असल्याचा दावा करणाऱ्या अ‍ॅपच्या नादाला लागू नका, स्क्रीनला वजन कळत नाही.

खालचं प्रमाण 200 मिलीच्या वाटीचं, सात इंची डब्यासाठी.

दीड वाटी मैदा, पाऊण वाटी पिठीसाखर, एक वाटी ताजं दही, अर्धी वाटी बिनवासाचं तेल, एक टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून खाण्याचा सोडा, थोडा व्हॅनिला इसेन्स, चिमूटभर मीठ. चमचे सपाट, शीग लावायची नाही. तुमची वाटी 150 ची निघाली तर बेकिंग पावडर पाऊण टीस्पून करा आणि सोडा अर्ध्याहून थोडा कमी, डबाही लहान घ्या. फक्त एवढं सांभाळलं की वाटीची अडचण संपली.

मैदा आधी चाळून घ्या आणि मग मोजा, नंतर त्यात बेकिंग पावडर घालून पुन्हा चाळा. पिशवीतून दाबून भरलेल्या वाटीत चाळलेल्या वाटीपेक्षा बराच जास्त मैदा बसतो. इंटरनेटवर एक कप मैद्याचं वजन कुठे 120 तर कुठे 140 ग्रॅम दिसतं, त्याचं मोठं कारण हेच. दह्यात साखर फेटा, सोडा घाला आणि पाच मिनिटं थांबा. दही फुगून वर आलं पाहिजे. नाही आलं तर सोडा जुना आहे, इथेच थांबा, मैदा वाया घालवू नका. मग तेल, इसेन्स, आणि शेवटी मैदा दोन-तीन वेळा करून. मैदा घातल्यावर फेटायचं नाही, उलथन्यानं हलक्या हातानं एकजीव करायचं. जास्त ढवळलं की मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं. पोळीच्या कणकेला मळणं मानवतं, केकला नाही. मिश्रण उलथन्यावरून जाडसर धारेनं सावकाश पडलं पाहिजे.

तेल लावून मैदा भुरभुरवलेल्या डब्यात ओता आणि लगेच भट्टीत. गॅस तयार व्हायला लागलेला असतो, त्यामुळे आता व्हॉट्सअ‍ॅप बघत बसू नका. ओव्हन असेल तर 180 सेल्सिअसवर आधी दहा मिनिटं तापवलेला, मग 30 ते 35 मिनिटं. (व्हिडिओतले 350 फॅरनहाइट म्हणजे हेच, साधारण 177 सेल्सिअस.) मायक्रोवेव्ह असेल तर तो कन्व्हेक्शन मोडवर हवा. नुसत्या मायक्रोवेव्ह मोडवर केक शिजतो, पण वरून भाजला जात नाही.

ओव्हन नसेल तर जाड बुडाचं मोठं पातेलं घ्या. तळाशी जाड मीठ किंवा वाळूचा थर, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, डबा आत ठेवा आणि मंद आचेवर 40 ते 45 मिनिटं. कुकरच वापरणार असाल तर शिटी आणि रिंग दोन्ही काढा, आत पाणी घालू नका, आणि शक्यतो जुना कुकर घ्या, नवा खराब करून घरच्यांची बोलणी खाऊ नका. हा काही जुगाड नाही. वाळू उष्णता धरून ठेवते आणि सगळीकडून सारखी देते. पूर्वी नानकटाई भाजताना खाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवायचे, ते याच कारणानं.

पहिली 25 मिनिटं झाकण उघडायचं नाही. मग मधोमध सुरी घालून बघा, स्वच्छ बाहेर आली की झाला. दहा मिनिटं डब्यातच निवू द्या, मग उलटा करा.

रेसिपी अ‍ॅपमध्ये ‘दुप्पट करा’ असं बटण असतं. ते जिन्नस दुप्पट करतं, पण डबा आणि वेळ नाही. दोन केक हवे असतील तर दोन डबे घ्या.

1999 नंतर

कमलाबाई 1999 मध्ये गेल्या. त्या वेळी मराठी घरांत इंटरनेट जेमतेम पोचत होतं. त्यानंतर रेसिपीच्या साइट आल्या, ब्लॉग आले, व्हिडिओ आले, आणि ‘रुचिरा’च्या आवृत्त्याही निघतच राहिल्या. आज ती मेहता पब्लिशिंग हाऊसकडून येते. पन्नास वर्षांत स्वयंपाकघरातलं जवळपास सगळं बदललं. स्टोव्ह गेला, गॅस आला, इंडक्शन आलं, मिक्सरनं पाटा-वरवंटा घालवला. वाटी तेवढी राहिली. आता तर मराठी व्हिडिओ करणाऱ्या मुलीही कपाऐवजी पुन्हा वाटीनं सांगताना दिसतात, बहुतेकींना हे कुठून आलं याची कल्पना नसेल.

आमच्या घरची वाटी मोजली तर 180 मिलीची निघाली. चहाचा चमचा बरोबर 5 मिलीचा. दुसरा केक फुगला, मधे खड्डा नाही. आजीनं तुकडा मोडून खाल्ला, साखर जरा कमी हवी होती म्हणाली, आणि दुसरा तुकडा घेतला. ‘रुचिरा’च्या पहिल्या कोऱ्या पानावर मी पेन्सिलनं लिहून ठेवलंय: घरची वाटी, 180 मिली.